ऊन न दाखवलेलं दुपटं

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

डोळ्यांतून पाणी आलं आज. रडू नव्हे— डांबराच्या गोळ्या! सदाशिव पेठेतल्या वासंतीबाई गाठोडं घेऊन आल्या. टेबलावर ठेवलं मात्र, खोलीभर तो वास. आत त्यांच्या आईची दोन सुती नऊवारी लुगडी आहेत. आई जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून ट्रंकेत. त्यांची मुलगी स्पृहा बाळंतपणाला माहेरी आलीय. बाळाचे पहिले कपडे पणजीच्या लुगड्याचेच हवेत. पाच झबली, दोन कुंच्या, लंगोट आणि एक मोठं दुपटं.

तान्ह्याला नवं कापड घालत नाहीत. त्यांच्याकडे नाही, आमच्या परभणीकडेही नाही. नेसून नेसून मऊ झालेलं जुनंच घालायचं. माझं सगळं काम त्यावर तर चाललंय! बोहारणीकडच्या साड्या, जुन्या बाजारातले शर्ट, लोकांनी आणून दिलेली धोतरं. कुठलंही असो, आधी दोनदा गरम पाण्यात धुवायचं, दोन दिवस उन्हात टाकायचं, मगच कात्री. प्रत्येक पुडक्यात माझ्या हातानं लिहिलेलं कार्ड असतं— "कापड जुनं आहे. दोनदा गरम पाण्यात धुतलेलं, दोन उन्हं दाखवलेलं. सत्यशीला, वारजे." लोक ते कार्ड जपून ठेवतात म्हणे. मला त्याचा फार तोरा आहे, खोटं कशाला सांगू!

मी गाठ सोडायला गेले तर बाई म्हणाल्या, "थांबा. बाळ हातात आल्याशिवाय कात्री लावायची नाही. गाठसुद्धा सोडायची नाही."

म्हटलं, नुसतं धुऊन ठेवते.

"वीस तारीख दिलीय डॉक्टरांनी. तुम्हाला भरपूर वेळ आहे. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता एकच गोष्ट दोनदा सांगायचा कंटाळा येतो."

मला तर एकदाही सांगायची गरज नव्हती. पहिल्या वेळी मी सातव्या महिन्यातच दोन झबली शिवून ठेवली होती. ती कुणाच्या अंगात गेली नाहीत. नंतर अभिनव झाला, तेव्हा मी त्याच्यासाठी आधी एक टोपडंही शिवलं नाही. आता तो नाशकात हॉस्टेलला आहे, सहा फूट उंच, पण ते अजून मनातून जात नाही.

गाठोडं कपाटावर ठेवलंय. तसंच, बांधलेलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

बाळ आलं! मुलगा. काल संध्याकाळी, चांगले दोन आठवडे आधी. सकाळी सातलाच बाईंचा फोन. "शनिवारी घरी आणतोय. उद्या संध्याकाळपर्यंत कपडे हवेत. नवं कापड अंगाला लागता कामा नये, तुमच्या भरवशावर आहे."

हो म्हटलं. फोन ठेवला आणि आठवलं— आज गुरुवार. महापालिकेचं पाणी बंद!

सोसायटीच्या टाकीत होतं नव्हतं ते आठपर्यंत संपलं. घरात प्यायचे दोन हंडे आणि भांड्यांसाठी एक बादली. अठरा हातांची दोन लुगडी धुवायची कशात? उद्याचं तर ठरलेलंच— उशिरा आणि कमी दाबानं.

गाठ सोडली. चार-पाच गोळ्या टणटण करत फरशीवर गेल्या. झिजून वाटाण्याएवढ्या झालेल्या. लुगडी मात्र अशी मऊ की गालाला लावावीशी वाटावीत. तासभर गॅलरीत झटकून टाकली. ऊन आमच्या गॅलरीत साडेदहापर्यंतच. मग कडक इस्त्री फिरवली. उष्णतेनं सगळं मरतं, नाही का? इस्त्रीखालून तो वास भपकन वर आला आणि मी तोंड फिरवून इस्त्री करत राहिले.

बाईंना फोन करून सांगता आलं असतं— एक दिवस द्या. दोनदा फोन हातात घेतला. त्यांचं ते शाळेतलं बोलणं आठवलं आणि खाली ठेवला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

झाले सगळे. सहाला पेठेत पोचते केले. आतून एकही शिवण उघडी नाही, म्हणजे बाळाला कुठेच टोचणार नाही. बांधायचे बंदही कापडाचेच केलेत. कुंचीला पदराचा लाल काठ लावलाय. हात फिरवून बघितलं, माझं मलाच बरं वाटलं.

पुडकं बांधताना कार्ड उचललं. कार्डं मी एकदम पन्नास लिहून ठेवते. हात थांबला. मग टाकलं. नसतं टाकलं तर त्यांनी विचारलं असतं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

घरी धुतीलच की. तान्ह्याचे कपडे कुणी न धुता घालतं का!

सोमवार, १० नोव्हेंबर

बाळाची पाचवी झाली. बाईंनी फोटो पाठवला. लाल काठाची कुंची, आत एवढंसं तोंड, डोळे मिटलेले. खाली लिहिलंय, "पणजीच्या पदरात." मी चार वेळा उघडून बघितला. अभिनवच्या पप्पांना दाखवला. ते म्हणाले, "पोरगं ब्येस हाय. पण पिवळं दिसायलंय जरा."

म्हटलं, खोलीत दिवा पिवळा असेल.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दिवा नव्हता. बाळाला कावीळ आहे. आज दुपारी दवाखान्यात ठेवलं, निळ्या उजेडाखाली. बाईंना मी सहज फोन केला होता, कुंची मोठी होत नाही ना विचारायला, तेव्हा कळलं.

होते म्हणे बऱ्याच बाळांना. अभिनवलाही झाली होती. कोवळ्या उन्हात धरायचो त्याला.

मग मला कशाला धडधड होतेय? माझा काय संबंध? पण होतेय.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बाळ घरी आलं. बरंय. देवापुढे साखर ठेवली. आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

रविवार, १६ नोव्हेंबर

परत दवाखान्यात. दोनच दिवसांत! आधीपेक्षा जास्त पिवळं झालंय. लघवी कोऱ्या चहासारखी. काविळीचा आकडा एकोणीस.

आता मला लिहायलाच हवं, नाहीतर डोकं फुटेल. बाई फोनवर म्हणाल्या, "डॉक्टर काय काय विचारतात! आईनं कुठली औषधं घेतली, घरात कुणाला रक्ताचा आजार आहे का. आणि पुढे काय, तर म्हणे बाळाचे कपडे डांबराच्या गोळ्यांत ठेवले होते का. काही बाळांना त्यांची वाफसुद्धा बाधते म्हणे, रक्तच फुटतं. मी म्हटलं, आमच्या बाई दोनदा गरम पाण्यात धुतात. पर्समधलं तुमचं कार्डच काढून दाखवलं. मग त्यांनी तो प्रश्न खोडला."

मी म्हटलं, हो का.

एवढंच म्हटलं मी! हो का!

फोन ठेवून खाली बसले ती तिथेच. मशीनच्या पायाशी चिंध्यांची पिशवी असते. त्यातून त्या लुगड्याचं एक कातरण शोधलं, नाकाला लावलं. येतो! दहा दिवस झाले, इस्त्री झाली, तरी येतो वास.

त्यांनी घरी धुतलंच नाही. का धुतील? माझं कार्ड होतं ना!

सोमवार, १७ नोव्हेंबर

मोबाईलवर शोधलं. मराठीत, मग इंग्रजीतही अक्षरं लावून लावून. सगळीकडे तेच. प्रत्येक बाळाला काही होत नाही. ज्यांच्या रक्तात जन्मतःच एक घटक कमी असतो त्यांना होतं. मुलग्यांना जास्त. कावीळ डोक्यात चढली तर कान जातात, मेंदूला इजा होते, आणि त्यापुढचं मी वाचलं नाही.

रक्ताचा रिपोर्ट यायचाय म्हणे अजून. म्हणजे नसेलही तसं. नसेलच. देवा, नसू दे.

संध्याकाळी अभिनवच्या पप्पांना सांगितलं. ते पिरंगुटच्या कंपनीतून दमून आले होते. चहाचा कप तसाच हातात धरून ऐकत राहिले.

"कुनाला बोललीस का हे?"

नाही म्हटलं.

"मग बोलू नकोस. दवाखान्यात हाय ना पोरगं? डॉक्टर बघतेत. तू सांगून काय व्हायलंय? उद्या काय झालं तर पोलीस इथं येतेत आपल्या दारात. आपन बाहेरची मानसं, कोन हाय आपल्याला हितं?"

बरोबरच आहे त्यांचं, असं वाटलं. मला तसंच ऐकायचं होतं म्हणून वाटलं असेल.

पण एक गोष्ट मोजून बघितली मी. कपडे अंगात गेले, चार दिवसांत कावीळ. दवाखान्यात निळ्या उजेडाखाली उघडं ठेवलं, उतरली. घरी आणून परत तेच कपडे घातले, दोन दिवसांत दुप्पट. हे डॉक्टरांना दिसत नाहीये, कारण त्यांनी तो प्रश्न खोडलाय. माझ्या कार्डानं खोडलाय.

मंगळवार, १८ नोव्हेंबर, दुपारी

घाबरट बाई आहे मी. भित्री, खोटारडी, आणि वर हुशारी करणारी!

आज बाईंना फोन केला सांगायलाच. तोंडातून निघालं भलतंच— "बाई, कपडे दोन दिवस परत द्या ना. एक शिवण कच्ची राहिलीय असं वाटतंय." म्हटलं, अंगावरून तरी निघतील. धुऊन, उन्हात टाकून परत देईन, कुणाला काही कळायचं नाही.

"शिवण उत्तम आहे. आणि दुपटं तर दवाखान्यातच आहे. वरचं दूध पाजायला बाहेर काढतात तेव्हा त्यातच गुंडाळतो. त्याला सवय झालीय त्याची."

म्हणजे तिथेही! निळ्या उजेडाखालून काढतात आणि त्याच दुपट्यात गुंडाळतात!

मी विचारलं, आकडा किती? "एकवीस. उद्या दुपारपर्यंत उतरला नाही तर अंगातलं रक्त बदलणार." बाईंचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "आणि स्पृहाचं दूध बंद केलंय कालपासून. दुधामुळे असेल का ते बघतायत. पोरगी वेडी झालीय नुसती. माझंच दूध त्याला बाधतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून बसलीय."

तेव्हा तरी बोलायचं! "काळजी घ्या," म्हणाले.

काळजी घ्या!

तोच दिवस, संध्याकाळी

भाजी फोडणीला टाकली आणि करपली. भीती कशाची आहे, ते एकदा नीट लिहून बघते. पोलिसांची आहे. बाईंची आहे. माझ्याकडून कपडे शिवून घेणाऱ्या सगळ्या घरांची आहे— ते काय म्हणतील. पण ही सगळी भीती माझ्या स्वतःसाठीची आहे. त्या बाळासाठी वाटते ती भीती वेगळी आहे.

माझी ती दोन झबली कुणाच्या अंगात गेली नाहीत. ही गेली. आणि मी घरात बसून भाजी करतेय.

उद्या सकाळी जायचं. फोन नको. फोनवर मी खोटं बोलते.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सांगितलं.

सगळं लिहून ठेवते, म्हणजे उद्या मीच मला वेगळं काही सांगायला नको.

सकाळी वारज्याहून बसनं गेले. बसमध्ये शंभर वेळा पाठ केलं— "बाई, माझी एक चूक झाली." दवाखान्याच्या दारात वॉचमन म्हणाला, "पास?" मला इतकं बरं वाटलं! पास नाही, चला परत! दोन पावलं मागे फिरलेसुद्धा. खरंच फिरले. मग म्हटलं, कपडे द्यायचेत बाळाचे. त्यानं सोडलं.

दुसऱ्या मजल्यावर काचेच्या दाराबाहेर बाकावर स्पृहा बसली होती. मी तिला एकदाच पाहिलं होतं, तेव्हा किती टवटवीत होती. आता डोळे सुजलेले, केस तसेच बांधलेले. खांद्यावर माझं दुपटं.

मला ओळखलं तिनं. "या ना. आई खाली कॉफी आणायला गेलीय." मग आपणहूनच बोलायला लागली. "दोन दिवस फीड नाही केलंय मी त्याला. डॉक्टर म्हणतात, रूल आउट करू या. नऊ महिने सगळं नीट केलं हो मी, एक क्रोसिन नाही घेतली. आणि माझंच मिल्क..." तिनं दुपट्याचं टोक नाकाशी धरलं. "याला त्याचा वास येतो, म्हणून घेऊन बसते."

मला तिथपर्यंत तो दुसरा वास आला.

पाठ केलेलं सगळं विसरले. मी ते दुपटं तिच्या खांद्यावरून ओढलं! ओढलंच. ती दचकली. मी म्हटलं, "हे धुतलेलं नाही. एकही कपडा धुतलेला नाही. गाठोड्यात डांबराच्या गोळ्या होत्या. त्या दिवशी पाणी नव्हतं, मी नुसती इस्त्री केली आणि खोटं कार्ड घातलं. तुझं दूध चांगलं आहे गं. तुझ्या दुधाला काही झालेलं नाही."

ती उठली आणि काचेचं दार दोन्ही हातांनी वाजवायला लागली.

डॉक्टर बाहेर आल्या, तरुण मुलगीच आहे. मी परत सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जात नाही. त्यांनी दुपटं हातात घेतलं, वास घेतला, एका पिशवीत घालून गाठ मारली. किती कपडे, कधीपासून अंगावर, घरी अंथरुणात काय काय आहे— भराभरा विचारलं. "हे रविवारी कळलं असतं तर—" एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "दोन वाजता रक्त बदलायचं ठरलंय. रक्ताची पिशवी तयार ठेवतो. आधी हे सगळं दूर करू, सहापर्यंत वाट बघू. आणि तुम्ही दूध पाजायला लागा."

स्पृहा आत पळाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

तेवढ्यात जिन्यातून वासंतीबाई आल्या, हातात थर्मास. डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं. मला वाटलं त्या मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू आवाजात बोलल्या, पण मजल्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट.

"नाव काय, तर सत्यशीला. वा! मी तुमचं कार्ड दाखवत फिरले हो सगळ्यांना. माझ्या नातवाच्या जिवावर उठलात आणि वर तुमचं ते हस्ताक्षर! निघा इथून. परत पेठेत दिसू नका."

निघाले. कठडा धरून जिना उतरले. बसमध्ये एका कॉलेजच्या पोरीनं उठून जागा दिली.

सहा वाजून गेलेत. मला कोण कळवणार?

गुरुवार, २० नोव्हेंबर

पाणी बंद. अभिनवच्या पप्पांनी कालच सगळ्या बादल्या, टाक्या, पातेलीसुद्धा भरून ठेवली.

फोन वाजला की धावत जाऊन उचलते. एक बँकेचा होता. एक गॅसवाल्याचा.

दाराशी पावलं वाजली की पोलीस वाटतात. दुपारी खरंच बेल वाजली, मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. कुरियर होतं, शेजारच्यांचं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

स्पृहाचा मेसेज. तीनच वाक्यं. "सतरावर आलाय. ब्लड चेंज नाही करावं लागलं. रिपोर्ट आला, रक्तात तो घटक कमीच आहे त्याच्या."

वाचून फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या बघायला. काही नाही, गावाकडचा फोन होता म्हटलं. हे शेवटचं खोटं, आता नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

स्पृहाचा परत मेसेज. आकडा अकरा. परवा घरी सोडणार. पण तीन महिन्यांनी कान तपासायचेत, सहा महिन्यांनी परत. तोवर कुणीच काही सांगू शकत नाही. आवाज केला की वळून बघतो का, ते बघत राहायचं. मी इथे बसून काय बघणार?

पेठेत सगळीकडे बोभाटा झालाय. दोन घरांनी कापड परत मागितलं. एक बाई तर फोनवर गोड बोलून म्हणाली, "आम्ही ठरवलंय, रेडिमेडच घेऊ." बरोबरच आहे. मीसुद्धा तेच केलं असतं.

उरलेली छत्तीस कार्डं होती. फाडली. मशीनवर चादर टाकलीय.

बुधवार, २६ नोव्हेंबर

काही नाही. बाळ घरी गेलं असेल आज. अंगात काय घातलं असेल?

गुरुवार, २७ नोव्हेंबर

वासंतीबाई आल्या होत्या आत्ता. एकट्या, रिक्षानं. तीन मजले चढून धापा टाकत दारात उभ्या. वाटलं, बाळाला काहीतरी झालं!

"बाळ बरं आहे. पाणी द्या."

बसल्या. प्यायल्या. पेला हातातच फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी वास आला होता. कुंची घालतानाच. आईच्या ट्रंकेचा वास, बरं वाटलं मला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा लगेच आठवलं. पण त्या गोळ्या दर दिवाळीला मीच टाकायचे. गाठ सोडू नका म्हणणारीही मीच. स्पृहा मला परत बाळाला हात लावू देणार नाही, असं वाटलं. पर्समध्ये तुमचं कार्ड होतं. ते पुढे केलं."

मी त्यांच्या हातातला पेला घेतला, भरून परत दिला.

"स्पृहाला अजून माहीत नाही. रोज ठरवते, आज सांगायचं. तोंड उघडतच नाही." मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कसं सांगितलंत हो? सुरुवात कशी करायची असते?"